हातानं चालतं, स्क्रिप्टमधून चालत नाही: एसएसएचवरच्या कमांडचं जुनं दुखणं

एका पतसंस्थेच्या बॅकअपची व्यवस्था माझ्याकडे आहे. चौदा शाखा, प्रत्येक शाखेत एक लिनक्स मशीन. मुख्य कचेरीतला सर्व्हर रात्री अकराला एकेका शाखेत एसएसएचनं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करून कमांड चालवायची सोय) जातो, डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली नक्कल) काढतो आणि आपल्याकडे आणून ठेवतो. दोन टीबीची डिस्क घेतली होती. हिशेब केला की चार महिन्यांत भरेल, मग जुने डंप उडवायला सुरुवात करायची. रोज सकाळी 'बॅकअप पूर्ण' अशी मेल यायची. चार महिने झाले, पाच झाले, डिस्क काही भरेना. वापर बघितला तर नऊ टक्के. आधी वाटलं, कॉम्प्रेशन झकास होतंय. मग फोल्डर उघडले. पहिल्या शाखेचे डंप तारखेवार ओळीनं लागलेले आणि बाकीचे तेरा फोल्डर रिकामे.

कचेरीत मदतीला एक पोरगा आहे, त्याला फोन लावला.

"एक नंबर शाखेची कमांड हातानं मारून बघ."

"मारली. चालली."

"पाच नंबर?"

"तीही चालली, सर. चौदाच्या चौदा चालतात. स्क्रिप्ट लावली की एक नंबर झालं की थांबतंय. एररपण देत नाही."

हातानं चालतं आणि स्क्रिप्टमधून चालत नाही, हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय, की शेवटी त्यावर लिहायलाच बसलो.

सुरुवातीलाच एक सांगतो. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय.

पहिल्यांदा डोक्यातून एक समज काढून टाकायला हवा. 'एसएसएच सर्व्हर कमांड' म्हणजे सर्व्हरवर जाऊन ती कमांड टाइप करणं नव्हे. तुम्ही लॉगिन करून बसता तेव्हा तुमच्यासाठी लॉगिन शेल (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) उघडतो, सगळ्या प्रोफाइल फाइल वाचल्या जातात, एक टर्मिनल मिळतं आणि इनपुट म्हणजे तुमचा कीबोर्ड असतो. कमांड सोबत जोडून पाठवली की यातलं काहीच होत नाही. शेल लॉगिनचा नसतो, टर्मिनल नसतं, आणि इनपुट म्हणजे स्क्रिप्टच्या हातात त्या घटकेला जे काही असेल ते. माझी चौदा शाखांची भानगड या शेवटच्या गोष्टीतली होती.

यादी खाणारा एसएसएच

माझा लूप (यादीतल्या प्रत्येक शाखेसाठी तेच काम पुन्हा करणारा तुकडा) साधारण असा होता:

व्हाइल रीड शाखा; डू
एसएसएच $शाखा '/ऑप्ट/बॅकअप/डंप.एसएच' > /बॅकअप/$शाखा/आज.जीझेड
डन < शाखायादी.टीएक्सटी

शाखायादी ही फाइल अख्ख्या लूपची इनपुट आहे. 'रीड' तिच्यातली एक ओळ उचलतो. मग एसएसएच सुरू होतो, आणि तो लूपच्या आतच असल्यामुळे त्याचीही इनपुट तीच फाइल. आता पलीकडची कमांड काही वाचणार आहे की नाही, हे एसएसएचला कळायला मार्ग नाही. म्हणून तो समोर असेल ते सगळं वाचतो आणि पलीकडे पाठवून देतो. पंगतीत वाढप्यानं पहिल्याच पानावर अख्खं पातेलं उपडं करावं, तसं उरलेल्या तेरा शाखांची नावं पहिल्या शाखेच्या मशीनकडे रवाना होतात. तिथली डंपची स्क्रिप्ट ती वाचतही नाही, वाया जातात. 'रीड' दुसऱ्या फेरीला येतो तर फाइल संपलेली. लूप मुकाट्यानं बाहेर पडतो. लूपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, आणि शेवटची कमांड म्हणजे पहिल्या शाखेची, जी नीट पार पडलेली. म्हणून निकाल शून्य, म्हणजे यश, आणि माझ्या मेलमध्ये 'बॅकअप पूर्ण'.

विश्वास बसत नसेल तर लूपमध्ये डंपच्या जागी नुसतं 'कॅट' (इनपुट जशीच्या तशी बाहेर टाकणारी कमांड) लिहून आणि आउटपुट फाइलमध्ये न वळवता चालवून बघा. पहिल्या शाखेच्या मशीनवरून उरलेल्या तेरा शाखांची नावं तुमच्याच स्क्रीनवर परत येतील. मी हे त्या पोराला करून दाखवलं तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाच महिने आपण एकाच शाखेला बाकीच्यांचे पत्ते पाठवत होतो?" हो, तसंच.

उपाय एका अक्षराचा आहे:

एसएसएच -एन $शाखा '/ऑप्ट/बॅकअप/डंप.एसएच'

लहान एन. यानं एसएसएचची इनपुट /डेव्ह/नल, म्हणजे लिनक्सची कायम रिकामी फाइल, होते, यादीला तो हात लावत नाही. मोठा एन दिलात तर अर्थच बदलतो: कमांड चालवायचीच नाही, फक्त जोडणी उघडी ठेवायची, असं तो सांगतो. पोर्ट फॉरवर्डिंगला तो लागतो, इथं नाही. दुसरा उपाय म्हणजे यादी वेगळ्या दारानं आत घ्यायची: 'रीड -यू ३' आणि शेवटी 'डन ३< शाखायादी.टीएक्सटी'. मग लूपमध्ये एसएसएच असो की दुसरं काही, यादीला धक्का लागत नाही. व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगलाही हीच खोड आहे, तिथंही हे कामी येतं.

'फॉर' लूपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथं यादी इनपुटवरून वाचली जात नाही, आधीच शब्द म्हणून हातात आलेली असते. त्यामुळे बरेच जण 'व्हाइल'ऐवजी 'फॉर' लावतात, चालतं, आणि 'व्हाइल'ला शिव्या देत पुढे जातात.

हा '-एन' मुळात एसएसएचचा नाहीच, तो आरएसएच या त्याआधीच्या, सगळं उघडं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमकडून आलाय. तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं ते हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. आरएसएच, आरलॉगिन आणि टेलनेट यांची जागा त्याला घ्यायची होती, म्हणून वापरायची पद्धत बरीचशी आरएसएचसारखीच राहिली. पासवर्ड उघडे जाणं थांबलं. यादी खायची खोड तेवढी तशीच चालत आली.

याच दुखण्याचं दुसरं टोक पलीकडच्या मशीनवर सापडतं. अख्खी स्क्रिप्ट पाठवायला पुष्कळ जण असं करतात:

एसएसएच शाखा५ 'बॅश -एस' < दुरुस्ती.एसएच

चांगली सोय आहे, फाइल कॉपी करावी लागत नाही. पण इथं स्क्रिप्ट स्वतःच इनपुट आहे. बॅश (लिनक्सचा नेहमीचा शेल) तिची एकेक ओळ वाचत चालवतो. मध्येच इनपुट वाचणारी एखादी कमांड आली, समजा 'मायएसक्यूएल' किंवा दुसरा एसएसएच, तर ती स्क्रिप्टच्या उरलेल्या ओळी गिळून टाकते. स्क्रिप्ट अर्ध्यात संपते आणि तक्रार काहीच नाही. यावर उपाय म्हणजे सगळी स्क्रिप्ट महिरपी कंसात घालायची आणि कंस बंद होण्याआधी 'एक्झिट' लिहायचं. कंसातला मजकूर बॅश आधी पूर्ण वाचतो, मगच चालवायला घेतो.

नंतर शाखांचे स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचे इंटरनेट पत्ते, बंद करण्यात आले, खर्च वाचवायला. तेव्हा व्यवस्था उलटी केली: शाखाच रात्री आपला डंप मुख्य कचेरीकडे ढकलतील.

डंप.एसएच | एसएसएच -एन कचेरी 'कॅट > आज.जीझेड'

इथला '-एन' बघितलात? सवयीनं घातला. आता इनपुटमध्येच तर माल होता. दुसऱ्या दिवशी चौदा फाइल, प्रत्येक शून्य बाइटची. जिथं पाइपमधून एसएसएचला काही द्यायचंय तिथं '-एन' चालणार नाही. तेव्हापासून मेलमध्ये 'पूर्ण' हा शब्द नाही. चौदापैकी किती फाइल आल्या आणि त्यातली सगळ्यात लहान किती बाइटची, एवढंच येतं.

रोज वेगळी शाखा पडते

उलट्या व्यवस्थेनं नवीनच प्रकार सुरू झाला. रोज बारा किंवा तेरा शाखांचे डंप यायचे. न आलेली शाखा रोज वेगळी. त्या शाखेतून सकाळी हातानं चालवलं की लगेच जायचं. लॉगमध्ये एवढंच: 'केईएक्स_एक्स्चेंज_आयडेंटिफिकेशन' आणि पुढे 'कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट'. पासवर्डचा, कीचा (लॉगिनच्या डिजिटल किल्लीचा) किंवा परवानगीचा एक शब्द नाही. म्हणजे ओळख पटवायच्या आधीच दार बंद.

दोन दिवस ब्रॉडबँडवाल्याशी भांडण्यात गेले. दोष त्याचा नव्हता.

एसएसएचच्या सर्व्हरला 'मॅक्सस्टार्टअप्स' नावाची सेटिंग असते, आणि ती मुळात १०:३०:१०० अशी येते. म्हणजे अजून लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या दहा झाल्या की त्यापुढच्या प्रत्येक नव्या जोडणीला तीस टक्के शक्यतेनं नाकारायचं, ही शक्यता वाढत न्यायची आणि शंभराला सरसकट नाकारायचं. आमच्या चौदाही शाखांचं घड्याळ एनटीपीनं जुळलेलं आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) सगळीकडे अकरा वाजून शून्य मिनिटं. बरोबर त्या सेकंदाला चौदा जण दारात. दहा आत, उरलेल्या चौघांची सोडत. शिवाय बावीस नंबरचं पोर्ट इंटरनेटला उघडं होतं, म्हणजे पासवर्ड चाचपडत फिरणारे बॉटही त्याच रांगेत. लॉगिनसाठी मुळात दिलेली मुदत १२० सेकंदांची आहे, तेवढा वेळ एकेक बॉट जागा अडवून बसू शकतो. हातानं चालवताना दारात आपण एकटेच असतो, म्हणून ते कायम चालतं.

क्रॉनमध्ये शाखेच्या नंबराइतकी मिनिटं पुढे ढकलली, एक नंबर शाखा अकरा-एकला, दोन नंबर अकरा-दोनला. काम झालं. 'मॅक्सस्टार्टअप्स' वाढवताही येतं, पण मी नाही वाढवलं. ते बॉटसाठीही वाढतं. पोर्ट मात्र फायरवॉलमागे घेतलं.

यात अलीकडे एक भर पडली आहे. ओपनएसएसएच ९.८ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, लॉगिन वारंवार चुकवणाऱ्या पत्त्याला सर्व्हर काही काळ दारातूनच परत पाठवतो. बॉटसाठी चांगलंय. पण एकाच राउटरमागे पाच मशीन असतील आणि त्यातल्या एकाची की चुकीची असेल, तर बाहेरून पत्ता एकच दिसत असल्यानं बाकीच्या चौघांनाही त्याची शिक्षा भोगावी लागते. अशा वेळी सर्व्हरचा लॉग वाचा, क्लायंटच्या बाजूला काही कळत नाही.

'कमांड नॉट फाउंड' आणि निकाल १२७

हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं आणि सगळ्यात लवकर सुटतं. लॉगिन करून 'पीजी_डंप' टाइप केलं तर चालतं, एसएसएचला जोडून पाठवलं तर सापडत नाही म्हणतो आणि निकाल १२७ देतो. पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी, वेगळा आहे, बस. बघायची कमांड:

एसएसएच शाखा५ 'एको $पाथ'

पाथ मोठ्या अक्षरांत, आणि अवतरण एकेरी. दुहेरी अवतरण घातलंत तर पाथ तुमच्याच मशीनवर उलगडला जातो आणि तुमचाच पाथ तुम्हाला दिसतो. "अहो, पाथ तर बरोबर दाखवतोय" म्हणून लोक परत येतात ते यामुळेच.

सोबत पाठवलेल्या कमांडसाठी लॉगिन शेल नसतो, म्हणून '.प्रोफाइल' किंवा '.बॅश_प्रोफाइल' वाचलं जात नाही. बॅशला आपण एसएसएचकडून चाललोय हे कळलं तर तो '.बॅशआरसी' वाचतो, पण डेबियन आणि उबुंटूच्या '.बॅशआरसी'मध्ये अगदी वरच अशी तपासणी असते: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. आपण हौसेनं पाथची ओळ फाइलच्या तळाशी घालतो. तिथपर्यंत कुणी पोचतच नाही. ती ओळ त्या तपासणीच्या वर नेली तर चालेल, पण माझं मत विचाराल तर स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला पाथ कुठून आला ते शोधत बसावं लागत नाही.

'.बॅशआरसी'चा आणखी एक उपद्रव. कुणीतरी त्यात 'सुस्वागतम' किंवा 'हे प्रॉडक्शन आहे, जपून' असं एको करून ठेवतं. भावना चांगली असते. पण ते वाक्य आरसिंक आणि एसएफटीपी या एसएसएचवरून फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बोलण्याच्या मध्ये घुसतं, आणि आरसिंक म्हणतो 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच', पुढे विचारतो 'इज युअर शेल क्लीन?' आरसिंकची जुनी आवृत्ती म्हणून लोक अपग्रेड करत बसतात. त्याऐवजी हे करून बघा:

एसएसएच शाखा५ ट्रू | डब्ल्यूसी -सी

उत्तर शून्य यायला हवं. त्याहून जास्त आलं तर तेवढी अक्षरं कोण बोलतंय ते शोधा.

अवतरणं

यावर कमी लिहिलं तर नुकसान होईल, म्हणून थोडं थांबतो. एसएसएच सर्व्हरच्या नावापुढचे सगळे शब्द एकेका स्पेसनं जोडतो आणि एकच ओळ करून पलीकडे पाठवतो. पलीकडचा शेल ती ओळ नव्यानं फोडतो. म्हणजे तुमची कमांड दोनदा वाचली जाते, एकदा इथं, एकदा तिथं, आणि तुम्ही घातलेली अवतरणं इथल्याच वाचनात खर्ची पडतात.

समजा डेटा फोल्डरमध्ये 'मार्च' आणि 'मार्च जुना' असे दोन फोल्डर आहेत. जुना काढायचाय. नावात स्पेस आहे म्हणून तुम्ही शहाण्यासारखं अवतरण घालता:

एसएसएच शाखा५ आरएम -आर "/डेटा/मार्च जुना"

स्वतःच्या मशीनवर हे अगदी बरोबर चाललं असतं. इथं तुमच्या शेलनं अवतरण वापरून टाकलं, एसएसएचनं शब्द जोडून पाठवले, आणि शाखेतल्या शेलला दिसलं ते असं: 'आरएम -आर /डेटा/मार्च जुना'. दोन नावं. चालू मार्च उडाला. 'जुना' नावाचं होम फोल्डरमध्ये काही नाही म्हणून एक एरर आली, तेवढीच सूचना. हे माझ्या हातून झालेलं नाही, पण ज्याच्या हातून झालं त्याच्याबरोबर त्या रात्री मी बसलो होतो.

बरोबर कमांड अशी:

एसएसएच शाखा५ 'आरएम -आर "/डेटा/मार्च जुना"'

बाहेरून एकेरी, आतून दुहेरी. आणि पुसायच्या आधी 'आरएम -आर'च्या जागी 'एलएस -डी' घालून एकदा चालवायचं.

याच कुळातल्या आणखी दोन चुका. 'एसएसएच शाखा५ सीडी /टीएमपी && एलएस' यातला 'एलएस' शाखेत चालत नाही, तुमच्याच मशीनवर चालतो, कारण '&&' तुमच्या शेलनं पकडला. आणि 'एसएसएच शाखा५ सुडो एको ... > /ईटीसी/अमुक' यातला बाणही तुमचाच, फाइल इथंच लिहिली जाते. पूर्ण कमांड एकेरी अवतरणात टाकली तरी दुसऱ्या उदाहरणात बाण शाखेतल्या साध्या युजरचा असतो, सुडोचा (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराचा) नाही, म्हणून परवानगी नाकारली जाते. तिथं 'सुडो टी'ला (टी-ई-ई ही कमांड) पाइप करावं लागतं.

सुडो आणि टर्मिनल

सुडोला पासवर्ड विचारायला टर्मिनल लागतं आणि सोबत पाठवलेल्या कमांडला ते नसतं. जुना सुडो 'नो टीटीवाय प्रेझेंट' म्हणतो, नवा जरा सविस्तर सांगतो. '-टी' घातलं की एसएसएच पलीकडे टर्मिनल मागून घेतो आणि पासवर्ड विचारला जातो. समोर माणूस असेल तर हे छान. क्रॉनमध्ये '-टी' घालू नका. इनपुट टर्मिनल नाही म्हणून तो तसाही मिळणार नाही, आणि '-टीटी' करून बळेच मिळवला तर आउटपुटच्या प्रत्येक ओळीला न दिसणारा कॅरेज रिटर्न चिकटतो. मग स्क्रिप्टमध्ये "ओके" बरोबर "ओके" अशी तुलना चुकते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय एरर आणि आउटपुट एकत्र होऊन येतात. त्यापेक्षा 'व्हिसुडो'नं त्या एका कमांडपुरती, पूर्ण पत्त्यासह, पासवर्डविना परवानगी द्या. सगळ्या कमांडना देऊ नका.

परतच न येणारी कमांड

एसएसएच शाखा५ 'नोहप /ऑप्ट/सेवा/सुरू.एसएच &'

सेवा सुरू होते, पण तुमचा प्रॉम्प्ट परत येत नाही. शेवटी कंट्रोल-सी मारून सुटका. शेवटी '&' आहे, पुढे 'नोहप' आहे, म्हणजे कमांड मागे चालव आणि लॉगिन सुटलं तरी चालू ठेव असं सांगितलंय, मग अडकतं का? कारण पलीकडचा एसएसएच सर्व्हर कमांड संपायची तर वाट बघतोच, पण तिच्या आउटपुटचा पाइप बंद व्हायचीही वाट बघतो, आणि मागे गेलेली सेवा तो पाइप धरून बसलेली असते. 'नोहप' आउटपुट फाइलमध्ये वळवतो, पण फक्त ते टर्मिनल असेल तेव्हाच. इथं टर्मिनल नाही, म्हणून तो काहीच वळवत नाही. लॉगिन करून हीच ओळ मारली की टर्मिनल असतं, तो वळवतो, सगळं चालतं. पुन्हा तेच, हातानं चालतं.

इनपुट, आउटपुट आणि एरर ही तीनही दारं स्वतः बंद करायची:

एसएसएच शाखा५ 'नोहप /ऑप्ट/सेवा/सुरू.एसएच > /टीएमपी/सुरू.लॉग २>&१ < /डेव्ह/नल &'

खरं तर सेवा असेल तर तिचं सिस्टमडीचं युनिट करा आणि 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' म्हणा. वरची ओळ घाईतल्या कामासाठी.

अडकण्याचा दुसरा प्रकार लाइनमुळे होतो. मोठ्या शाखेत आधी डेटाबेस तपासला जायचा, वीस-पंचवीस मिनिटं काहीच आउटपुट नाही. तेवढ्यात मधला राउटर ती जोडणी विसरून जायचा. एनएटीसाठीचा (एकाच पत्त्यामागे अनेक मशीन चालवायची राउटरची पद्धत) २००८चा मानक दस्तऐवज म्हणतो की सुरू असलेली टीसीपी जोडणी किमान २ तास ४ मिनिटं लक्षात ठेवा. स्वस्त राउटरांना एवढी सबुरी नसते. आपल्या बाजूला मात्र लाइन मेल्याचा पत्ताच नसतो. लिनक्स टीसीपीचा पहिला कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांनी पाठवतो, उत्तर नाही आलं तर ७५ सेकंदांच्या अंतरानं असे नऊ, आणि मगच जोडणी सोडतो. बेरीज केली तर २ तास ११ मिनिटं. आमची स्क्रिप्ट त्या शाखेवर सव्वादोन तासांच्या आसपास का अडकते, याचं कोडं या बेरजेनं सुटलं.

एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०' घाला. मुळात ही किंमत शून्य असते, म्हणजे बंद. दर ३० सेकंदांनी एसएसएच पलीकडे हाक मारतो, राउटरही जागा राहतो, आणि तीन हाकांना उत्तर नाही आलं की दीडेक मिनिटात जोडणी तोडतो. जोडीला 'कनेक्टटाइमआउट १०' आणि स्क्रिप्टसाठी 'बॅचमोड येस'. या शेवटच्यानं एसएसएच पासवर्ड विचारत थांबत नाही, सरळ अपयशी होतो. क्रॉनमधून की चालत नाही याचं कारणही बहुतेकदा असंच असतं: कीला पासफ्रेज आहे, तुमच्या लॉगिनमध्ये एजंटनं (उघडलेली की लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम) ती उघडून ठेवलीय, आणि क्रॉनला एजंटचा पत्ता माहीत नाही. क्रॉनसाठी वेगळी की करा आणि पलीकडच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये तिला एकाच कमांडपुरती बांधा.

स्क्रिप्टमध्ये निकालाचा आकडा तपासताना हेही बघा: २५५ आला तर बहुतेकदा दोष एसएसएचचा स्वतःचा, म्हणजे जोडणीच झाली नाही किंवा तुटली. दुसरा कुठलाही आकडा पलीकडच्या कमांडचा असतो. २५५ ला पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, १२७ ला नाही.

मराठी मार्च

शेवटचा प्रकार कदाचित आपल्याच लोकांना भेटेल. माझ्या लॅपटॉपचं लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, मराठी आहे, एमआर_आयएन. आवडीनं ठेवलंय. डेबियन आणि उबुंटूवर एसएसएच क्लायंट तुमची लँग आणि एलसीनं सुरू होणारी सगळी व्हेरिएबल पलीकडे पाठवतो, आणि तिथला सर्व्हर ती स्वीकारतो, दोन्ही मुळातच तसे येतात. पलीकडे मराठी लोकेल नसेल तर बॅश 'सेटलोकेल: कॅननॉट चेंज लोकेल' असं कुरकुरतो आणि पुढे जातो. कचेरीच्या सर्व्हरवर मात्र मी ते हौसेनं बसवलेलं होतं.

मासिक बॅकअपची स्क्रिप्ट महिन्याच्या नावानं फोल्डर करायची, 'डेट +%बी' वापरून. क्रॉननं चालली की फोल्डर इंग्रजी तीन अक्षरांचा. मी लॅपटॉपवरून एसएसएचनं हातानं चालवली की फोल्डर 'मार्च', देवनागरीत. दोन फोल्डर, अर्धा महिना इकडे, अर्धा तिकडे, आणि जुनं पुसणारी स्क्रिप्ट फक्त इंग्रजी नावं ओळखणारी. या वेळी गंमत उलटी होती: क्रॉनमधून चालायचं आणि हातानं बिघडायचं. कुणीतरी चावटपणा करतंय असं समजून मी लॉगिनचा इतिहास तपासत बसलो, आणि त्यात दर वेळी माझंच नाव.

आता प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत 'एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी' (एलसी_ऑल आणि शेवटचा सी मोठ्या अक्षरांत) असतं, आणि फोल्डरची नावं महिन्याच्या आकड्यानं. लॅपटॉप मराठीच आहे.